त्रुटी आधी कोणाला कळावी? सायबर धोरणाच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी काही अनुभव

सॉफ्टवेअरमधील सुरक्षा-त्रुटी शोधणारे आणि त्यांविषयी कायदे-नियम करणारे हे दोन वर्ग आपल्याकडे एकमेकांशी फारसे बोलत नाहीत, आणि माझे बरेचसे काम या दोघांमधले निरोप पोचवण्याचे राहिले आहे. संगणक अभियांत्रिकीनंतर मी काही वर्षे सुरक्षा-तपासणीच्या, म्हणजे धंद्यात ज्याला सरसकट ‘व्हीएपीटी’ म्हटले जाते त्या, कामात होते. पुढे नियमांचे मसुदे वाचणे, त्यांवर हरकती-सूचना लिहिणे आणि संस्थांना त्यांचा अर्थ समजावून सांगणे याकडे वळले. या वाटेवर येऊ पाहणारे विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतात तो कोणती प्रमाणपत्रे घ्यावीत हा. त्याकडे मी येईनच. पण त्याआधी इथले वाद कशावरून होतात हे कळलेले बरे. माझ्या पाहण्यात जवळजवळ प्रत्येक वाद एकाच ठिकाणी येऊन अडतो: त्रुटी आधी कोणाला कळावी, आणि ती कळल्यापासून दुरुस्त होईपर्यंतच्या काळात कोणी काय करावे.

म्हणून नवख्याने सुरुवातीला एकच त्रुटी घ्यावी आणि तिचा तारीखवार इतिहास स्वतःच्या शब्दांत लिहून काढावा. मी त्यासाठी विंडोजमधील फाइल-शेअरिंगच्या जुन्या एसएमबी प्रणालीतली २०१७ ची त्रुटी सुचवते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएसएला, ही त्रुटी ठाऊक होती आणि तिचा वापर करणारे ‘इटर्नलब्लू’ नावाचे हत्यार तिने बाळगले होते. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारे अपडेट, दिले. बरोबर एक महिन्याने, १४ एप्रिलला, ‘शॅडो ब्रोकर्स’ या नावाने वावरणाऱ्या गटाने ते हत्यार जगासमोर टाकले. १२ मे रोजी तेच हत्यार वापरणारे, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे ‘वॉनाक्राय’ पसरले आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. २७ जून रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून याच त्रुटीचा फायदा घेणारे ‘नॉटपेट्या’ हे दुसरे घातक सॉफ्टवेअर बाहेर पडले. त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि तिच्या समूहाकडे असलेले, आपल्या न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातले गेटवे टर्मिनलही ठप्प झाले. पॅच येऊन तेव्हा साडेतीन महिने होत आले होते.

या चार तारखा कागदावर एकाखाली एक मांडल्या की धोरणाचे प्रश्न आपोआप वेगळे होतात. मार्चच्या आधीचा प्रश्न असा, की सरकारी यंत्रणेला त्रुटी सापडली तर तिने ती हेरगिरीसाठी राखून ठेवावी की उत्पादकाला सांगावी. मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी वॉनाक्रायनंतर दोनच दिवसांत सरकारांच्या या साठेबाजीवर जाहीर टीका केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने हा निर्णय कोणत्या निकषांवर घेतला जातो याची कार्यपद्धती प्रसिद्ध केली. मार्च ते मे या काळाचा प्रश्न वेगळा आहे: पॅच हाताशी असूनही तो न लावणाऱ्या रुग्णालयाला किंवा कारखान्याला जबाबदार धरायचे का, आणि ज्या यंत्राला उत्पादकाचा पाठिंबाच संपला आहे त्याचे काय. जूनमधला प्रश्न तर आणखी अवघड आहे, कारण नॉटपेट्या एका संगणकातून चोरलेल्या पासवर्डच्या जोरावर पुढच्या, पॅच लावलेल्या संगणकातही शिरत असे. ‘वेळेवर अपडेट केले असते तर काहीच झाले नसते’ हे वाक्य चर्चासत्रांत फार ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे, आणि हे तपशिलाने दाखवून देता येणारा माणूस बैठकीत उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कायदा, आणि तो सारांशांवरून न वाचता मूळ कलमांवरून वाचावा. काही काळापूर्वी एक विद्यार्थी माझ्याकडे आला. एका शिक्षणसंस्थेच्या निकालाच्या पानावर लॉगिन केल्यानंतर पत्त्याच्या शेवटी त्याचा आसन क्रमांक दिसत होता, आणि त्यातला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याची गुणपत्रिका, आईचे नाव आणि जन्मतारखेसकट, समोर येत होती. संस्थेला पटावे म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहून काही हजार गुणपत्रिका उतरवून घ्याव्यात असा त्याचा बेत होता. मी त्याला तिथेच थांबवले. त्रुटी सिद्ध करायला एका मित्राची गुणपत्रिका, त्या मित्राच्या लेखी संमतीने, पुरेशी होती. हजार गुणपत्रिकांनी पुरावा वाढत नाही, फक्त आरोपाला वजन येते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभाऱ्याच्या परवानगीवाचून केलेल्या प्रवेशाला भरपाईस पात्र ठरवते, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे सद्‌हेतू हा फौजदारी आरोपाविरुद्धचा बचाव आहे, पण भरपाईच्या दाव्यापासून तो वाचवीलच असे नाही. मित्राने दिलेली संमती ही मित्राची असते, संस्थेची नव्हे, हेही मी त्या मुलाला सांगितले. त्याने दोन परिच्छेदांचे पत्र संस्थेला आणि सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला पाठवले. शिक्षणसंस्थेने त्रुटी गुपचूप दुरुस्त केली आणि उत्तरादाखल, आमच्या यंत्रणेत का शिरलात, असा खुलासा मागितला. आभार वगैरे काही नाही. या कामात त्याची सवय करून घ्यावी लागते. अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २०२२ मध्ये सद्‌हेतूने केलेल्या सुरक्षा-संशोधनावर खटले भरू नयेत अशी सूचना आपल्या वकिलांना दिली. ती सूचनाच आहे, कायदा नव्हे, तरीही आपल्याकडच्या चर्चेत तिचा दाखला हमखास दिला जातो.

संशोधकाच्या परवानगीचा प्रश्न आपल्या देशात सर्वाधिक गाजला तो मतदान यंत्रांच्या बाबतीत. २०१० मध्ये हैदराबादचे हरिप्रसाद, मिशिगन विद्यापीठाचे अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गोंग्रिप यांनी प्रत्यक्ष वापरातले एक यंत्र तपासून दोन प्रकारचे फेरफार दाखवले: निकाल दाखवणाऱ्या पट्टीच्या जागी तिच्यासारखीच दिसणारी पण आकडे बदलणारी पट्टी बसवणे, आणि मतदान व मोजणी यांच्या मधल्या काळात स्मृती-चिपवर एक छोटे उपकरण चिमट्यासारखे लावून मते बदलणे. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी साठ्यातून चोरीला गेल्याचा आरोप होता. त्यावरून ऑगस्ट २०१० मध्ये हरिप्रसाद यांना अटक झाली आणि पुढे जामीन मिळाला. निवडणूक आयोगाचे म्हणणे असे, की यंत्र हाती लागल्याशिवाय हे काही शक्य नाही, आणि मोहोरबंद साठवण व प्रशासकीय बंदोबस्त यांमुळे ते हाती लागत नाही. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मताची कागदी चिठ्ठी, म्हणजे व्हीव्हीपॅट, टप्प्याटप्प्याने आणण्यास सांगितले. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हे भरण्याचे युनिट निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवावे आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने लेखी मागणी केल्यास प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांची तपासणी करावी असे आदेश दिले. या विषयावर घरोघरी मते तयार असतात. तुम्हाला अभ्यास करायचा असेल तर तीन प्रश्न वेगळे ठेवा: हाती आलेले यंत्र बदलता येते का, ते कोणाच्या लक्षात न येता हाती लागू शकते का, आणि मतदाराला किंवा उमेदवाराला स्वतः खातरजमा करता येते का. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळते, दुसऱ्याचे गोदामाच्या नोंदवहीत आणि तिसऱ्याचे कायद्यात. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवण्याची चूक दोन्ही बाजू करतात.

तासांचा हिशेब हा तिसरा भाग. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस ठेवावे लागतात. इथे ‘घटना’ आणि ‘त्रुटी’ यांतला फरक डोळ्यांत तेल घालून पाहावा: घर फुटणे वेगळे आणि कडी सैल असणे वेगळे. चीनचे सप्टेंबर २०२१ पासूनचे नियम मात्र उत्पादकाला त्रुटीच ४८ तासांत सरकारला कळवायला लावतात, आणि दुरुस्त न झालेल्या त्रुटींची यादी सरकारच्या हाती जमा झाली तर ती केवळ बचावासाठी वापरली जाईल का, हा त्यावरचा आक्षेप आहे. युरोपीय संघाच्या, उत्पादकांना त्रुटी सरकारी यंत्रणांना कळवायला लावणाऱ्या सायबर रेझिलियन्स कायद्याचा मसुदा चर्चेत होता तेव्हा, २०२३ मध्ये, अनेक सुरक्षा-तज्ज्ञांनी खुले पत्र लिहून हाच आक्षेप युरोपवरही घेतला होता. तो मला रास्त वाटतो. जी यादी एका ठिकाणी गोळा होते ती चोरायला एकच दार फोडावे लागते.

आता अभ्यासाविषयी. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचा ‘डिटिस’ हा सुरक्षेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम तांत्रिक पाया घालायला चांगला आहे. कायद्याच्या पदवीधरांनी निदान नेटवर्क आणि वेब कसे चालते एवढे तरी हाताने करून पाहावे. प्रमाणपत्रांना मी दुय्यम मानते. रोज एक सुरक्षा-सूचना, म्हणजे एखाद्या त्रुटीची माहिती देणारे पत्रक, पूर्ण वाचण्याची सवय त्यांहून जास्त कामाला येते. सूचनेवरचा दहापैकी गुणांक त्रुटीची तीव्रता सांगतो, तुमच्या संस्थेचा धोका सांगत नाही, हे त्यातून लवकर उमगते. त्रुटींना क्रमांक देणारी सीव्हीई व्यवस्था जगभर वापरली जाते, पण तिचा खर्च अमेरिकी सरकारच्या कंत्राटातून चालतो; एप्रिल २०२५ मध्ये ते कंत्राट संपण्याच्या आदल्या दिवशी सगळीकडे धावपळ उडाली आणि ऐन वेळी मुदतवाढ मिळाली. ती बातमी आणि तिच्यामागची कागदपत्रे मिळून एका बैठकीत वाचून होण्याजोगा धोरणाचा धडा आहे. लेखनासाठी एक सराव सांगते: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांचा ३ जानेवारी २०२५ चा मसुदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम शेजारी ठेवावेत, आणि डेटा फुटल्यावर कोणाला, कधी, काय कळवायचे या भागात काय बदलले आणि काय तसेच राहिले यावर एक पानी टिपण लिहावे. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड असल्याने कंपन्या असे टिपण वाचतात.

नोकऱ्यांपैकी सर्वांत सहज मिळणारी म्हणजे सर्ट-इनच्या यादीतल्या सुरक्षा-लेखापरीक्षण संस्थेतली. सरकारी संकेतस्थळ होस्ट करण्याआधी अशा संस्थेचे ‘सेफ टू होस्ट’ प्रमाणपत्र लागते, त्यामुळे काम भरपूर असते. पण निविदा एल-वनला, म्हणजे सर्वांत कमी बोलीला जाते, आणि कमी पैशांत मग स्कॅनरचा, म्हणजे आपोआप त्रुटी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा, अहवाल लेटरहेडवर छापून देण्याची वृत्ती बळावते. गुणपत्रिकेच्या उदाहरणातली त्रुटी स्कॅनर अनेकदा पकडतच नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने ते पान अगदी व्यवस्थित उघडते; ते पान कोणाला उघडायला हवे हे माणसालाच विचारावे लागते. या नोकरीत दोन वर्षे जरूर काढावीत, मात्र अहवाल स्वतः लिहावेत. त्यानंतर सहकारी बँकांकडे पाहावे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट लागू केली. ती चौकट मराठीत समजावून सांगू शकणारा, संचालक मंडळापुढे न अडखळता बोलणारा माणूस तालुक्याच्या बँकेला हवा असतो आणि मिळत नाही.

दुसरी मागणी युरोपमुळे येते आहे. सायबर रेझिलियन्स कायद्याप्रमाणे, प्रत्यक्ष गैरवापर सुरू असलेली त्रुटी उत्पादकाला लक्षात आल्यापासून २४ तासांत कळवावी लागते आणि ७२ तासांत सविस्तर. ही सक्ती ११ सप्टेंबर २०२६ पासूनची आहे आणि उरलेल्या बहुतेक तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासूनच्या. मोटारी आणि वैद्यकीय उपकरणे यांना स्वतंत्र नियम असल्याने ती यातून वगळली आहेत, पण नेटवर्कला जोडलेला पंप, मीटर किंवा कारखान्याचा कंट्रोलर युरोपात विकणाऱ्या उद्योगाला हे लागू होते, मग तो चाकणचा असो वा सातपूरचा. अशा ठिकाणी मुलाखतीला जाल तेव्हा एक विचारून पाहा: रविवारी रात्री बाहेरच्या माणसाने त्रुटीचा ईमेल पाठवला, तर तो कोणत्या पत्त्यावर येतो आणि तो कोण उघडतो.