उन्हाळ्याच्या कपड्यांसाठी पॅटर्न कसा निवडायचा

होळी झाली की आमच्याकडे दोन कामं निघतात, कूलरच्या ताट्या बदलणं आणि शिलाई मशीनला तेल देणं. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागेल, पारा ४५ च्या वर जाईल, तेव्हा अंगावर काय सहन होतं हे चित्र पाहून कळत नाही. म्हणून मी पॅटर्नवरची, म्हणजे कापड बेतायच्या कागदी साच्याच्या पाकिटावरची, बाई किती छान दिसते ते बघत नाही, आधी शिवणी मोजते. शिवण आली की तिथे कापडाचे तीन-चार पदर होतात. घाम तिथेच साचतो, घामोळ्याही तिथेच उठतात. प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणी), अस्तर, छातीवरचे टक्स (चिमटा घेऊन घातलेल्या शिवणी) असले पॅटर्न दिवाळीसाठी ठेवा.

मग ठरवा, घालणार कोण आणि कुठे. घरात चुलीपुढे बसायचं असेल तर मोठा गळा, बिनबाहीचा सैल गाऊन चालतो. उन्हात मात्र उलटा हिशोब. पऱ्हाटी उपटायला, मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया लुगड्यावर घरच्या माणसाचा जुना फुल बाहीचा शर्ट घालतात, ते उगाच नाही. कॉलर मान झाकते, बाही मनगटापर्यंत येते आणि सैल असल्यानं वारा आत खेळतो. शेतात घालायचा कुर्ता शिवायचा तर असाच पॅटर्न शोधा. हात वर करताना कुर्ता ओढला जाऊ नये म्हणून मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काप, खोल करणाऱ्या पुष्कळ जणी असतात. त्यानं उलट अख्खा कुर्ता वर चढतो. त्यापेक्षा बगलेत चौकोनी तुकडा जोडलेला जुन्या पद्धतीचा सरळ कट घ्या. कापड वाया जात नाही आणि शिकाऊ हातालाही जमतो.

आता माप. पॅटर्नवर अंगाचं माप आणि तयार कपड्याचं माप वेगवेगळं दिलेलं असेल, तर तयार कपड्याचं बघा. छाती ३६ इंच असेल तर उन्हाळ्याचा कुर्ता ४१-४२ इंचांचा हवा. हे पटत नसेल तर तुमचा सगळ्यात आवडता, धुऊन धुऊन मऊ झालेला कुर्ता जमिनीवर पसरून मोजा. माझ्या मते पॅटर्न विकत आणण्याआधी तोच खाकी कागदावर उतरवून घ्यावा. त्यात शिलाईची माया, म्हणजे शिवणीसाठी कडेनं सोडायचं जास्तीचं कापड, वेगळी धरायला विसरू नका.

मोबाइलवर मिळालेला पॅटर्न छापायचा असेल तर एक गोष्ट सांभाळा. तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात मी एकदा २४ पानं छापून आणली, रात्रभर चिकटवली, कापड कापलं, आणि कुर्ता माझ्याऐवजी पुतणीला झाला. दुकानदारानं पान कागदात बसावं म्हणून लहान करून छापलं होतं. पॅटर्नच्या पहिल्या पानावर तपासायचा छोटा चौकोन असतो. आधी तेवढंच पान छापा, पट्टी लावा, माप बरोबर आलं तरच बाकीचं छापायला सांगा. परदेशी पॅटर्नमध्ये माया बहुधा दीड सेंटिमीटर धरलेली असते, काहींत मुळीच नसते. तेही वाचून घ्या.

कापड घेताना आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ४२ इंच लांबीच्या कुर्त्याला ४४ इंच पन्ह्यात सव्वादोन ते अडीच मीटर पुरतं, कारण पुढच्या-मागच्या भागांच्या बाजूला उरलेल्या पट्टीतून आखूड बाह्या निघतात. ३६ इंच पन्ह्यात त्या निघत नाहीत, पाव मीटर जास्तीचं धरा. मलमल, वॉयल किंवा पातळ खादी घ्या आणि बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा. सुती कापड मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं.

विणकामाचं म्हणाल, तर वैशाखात अख्खा विणलेला टॉप? नको बाप्पा! सुती दोऱ्याचं विणकाम जड होतं, घालता घालता लांबतं. क्रोशाचा जाळीचा गळा किंवा बाहीची किनार एवढंच करा. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. धाग्याचं टोक जाळून बघा. सुती असेल तर कागदासारखा वास आणि राख, अ‍ॅक्रिलिक असेल तर काळा टणक मणी.

दोन सुयांवर विणणार असाल तर आधी हातभर तुकडा विणा, धुवा, वाळवा, मग टाके मोजा. पॅटर्नमध्ये १० सेंटिमीटरला २२ टाके असतील आणि तुमचे २० भरले, तर २२० टाक्यांचा घेर १०० ऐवजी ११० सेंटिमीटर होतो. मग बारीक सुई घ्या.

सगळं जुळलं तरी नव्या कापडाला कात्री लावू नका. आजीचं विरलेलं लुगडं मागून घ्या, त्यावर पॅटर्न कापा, मोठ्या टाक्यांनी जोडा आणि भर दुपारी तो घालून अंगण झाडा. काचेल तिथे खडूची खूण करा.