अहिहिकला कायमचं राहायला जाताना

मेक्सिकोतल्या चापाला तलावाच्या उत्तर काठावरचं अहिहिक ग्वादालाहारापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. उंची साधारण १५०० मीटर, त्यामुळे हवा वर्षभर सोसवते. तापतात ते एप्रिल-मे, जूनमध्ये पाऊस लागतो. पण तयारीला घरापासून लागू नका, व्हिसापासून लागा. इथे क्रम चुकला की मेक्सिकोबाहेर परत येऊन सगळं नव्याने करावं लागतं.

पर्यटक म्हणून गेलात तर, काही अपवाद सोडले, तिथल्या तिथे रहिवासी होता येत नाही. 'रेसिदेंते तेम्पोराल', म्हणजे तात्पुरत्या रहिवाशाच्या व्हिसाचा अर्ज बाहेरच्या मेक्सिकन वकिलातीतच करायचा. पेन्शन दाखवणार असाल तर सहा महिन्यांची बँक स्टेटमेंटं लागतात, शिल्लक दाखवणार असाल तर बारा महिन्यांची. रक्कम बदलत राहते, म्हणून जिथे अर्ज करणार तिथलाच आकडा विचारा. जोडप्याने लग्नाचा दाखला अपोस्टिल करून (म्हणजे परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का घेऊन) आणि स्पॅनिशमध्ये भाषांतर करून ठेवावा. दाखल्यावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, हे आपल्याकडे नेहमीचं. मेक्सिकोत बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत, तेव्हा प्रश्न येतोच. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जवळ असू द्या.

व्हिसा १८० दिवस चालतो, एकाच प्रवेशासाठी. विमानतळावर खिडकीवरून हलण्याआधी शिक्का वाचा: 'कान्हे' (canje, म्हणजे व्हिसाच्या बदल्यात कार्ड घ्यायचं) आणि '३० दिवस' अशी नोंद हवी. अधिकाऱ्याने सवयीने पर्यटकाचे १८० दिवस टाकले तर तिथेच दुरुस्त करून घ्या. नंतर ते निस्तरताना जीव मेटाकुटीला येतो. त्या ३० दिवसांत स्थलांतर कार्यालयात कार्डाची प्रक्रिया सुरू झाली पाहिजे. पहिलं कार्ड वर्षाचं असतं, चार वर्षांनी कायमचं मिळू शकतं. परदेशी नंबरची गाडी नेणार असाल तर लक्षात ठेवा, कायम रहिवाशाला ती ठेवता येत नाही.

पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. हिवाळ्यात अमेरिका-कॅनडातून माणसं येतात आणि चांगली घरं आधीच अडकलेली असतात. घर बघताना नुसता नळ उघडून बघून काही कळत नाही. जमिनीखालच्या टाकीचं, म्हणजे अल्हिबेचं, झाकण उचला: पाणी किती, गाळ किती, फ्लोट अडकतो का. मग पंप चालू करून गच्चीवरची टाकी, म्हणजे तिनाको, भरतो का ते पाहा. पिण्याला २० लिटरची गाराफोन, म्हणजे पाण्याचे मोठे जार, मिळतात. मालकाकडे विजेचं जुनं बिलही मागा. ते दर दोन महिन्यांनी येतं, आणि वर्षाची सरासरी मर्यादेबाहेर गेली की 'डीएसी', म्हणजे जास्त वापराचा चढा दर लागून सवलत जाते. आधीच्या भाडेकरूचा वापर तुम्हाला भोवू शकतो. हेच बिल बँकेत पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं.

विकत घ्यायचं झालं तर अहिहिक किनारा आणि सीमेच्या निर्बंधित पट्ट्याबाहेर आहे, परदेशी माणसाच्या नावावर थेट खरेदीखत होतं. मात्र 'एहिदो' जमीन कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, ती गावच्या सामाईक हक्काची असते. तलावालगतची पट्टी सरकारी आहे. पाणी उतरून उघडी पडलेली जागा बागेत धरून कोणी दाखवली तरी ती घराची नव्हे.

वीज १२७ व्होल्ट, त्यामुळे भारतातला मिक्सर नेऊ नका. अमेरिकेतला १२० व्होल्टचा चालतो. पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात तूरडाळ किंवा राजमा लवकर शिजत नाही. कुकर न्याच, आणि त्याच्या दोन गास्केट व सेफ्टी व्हॉल्व्हही.

अमेरिकेतून जाणाऱ्यांनी मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मेक्सिकोत चालत नाही हे धरूनच हिशेब करावा. तरीही त्यातला 'पार्ट बी' (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सोडण्याआधी दहादा विचार करा. परत आलात तर उशिराच्या दर बारा महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो. मेक्सिकोच्या सरकारी आरोग्यविम्यात, आयएमएसएसमध्ये, स्वेच्छेने नाव घालता येतं, पण बरेच जुने आजार तिथे चालत नाहीत. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्या सामानात नकोत, तिथे त्यांवर बंदी आहे.

दगडगोट्यांचे रस्ते गुडघ्यांना जड जातात, त्यामुळे चढावरचं घर घेण्याआधी ती वाट पिशव्या घेऊन चढून बघा. झोप सावध असेल तर चर्चपासून लांब राहा: २२ ते ३० नोव्हेंबर सान आंद्रेसच्या उत्सवात पहाटेपासून फटाक्यांचे बाण उडतात.