सिक्युरिटी एजन्सीचं लायसन्स काढताय? आधी जिल्हे मोजा

संभाजीनगरजवळ वाळूजला एका कंपनीच्या गेटवर मी चार वर्षं गार्ड होतो, नंतर तीन वर्षं फील्ड ऑफिसर. रात्री मोटारसायकलवर पॉईंट, म्हणजे गार्ड लावलेल्या जागा, चेक करत फिरायचं, कोणी दांडी मारली की रिलिव्हर, म्हणजे बदली गार्ड, शोधायचा, तो मिळाला नाही तर स्वतःच काठी घेऊन उभं राहायचं. या धंद्यातलं आपल्याला सगळं येतं असं वाटायला लागलं, तेव्हा स्वतःची एजन्सी काढली. माणसं सांभाळणं खरंच येत होतं. कागद येत नव्हता. त्या कागदावरच्या एका ओळीने मला वर्षभर मागे खेचलं. आजही तो दिवस आठवला की जेवण जात नाही. तुमच्यापैकी कोणाचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

पसारा लायसन्स लागतं हे तुम्हाला माहीत आहेच. २००५ चा खाजगी सुरक्षा एजन्सी कायदा, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आपल्या लोकांनी पाडलेलं हे नाव. लायसन्स नसताना एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कैद, २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "आधी पॉईंट घे, लायसन्स मागून येईल," असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. त्याचं अजिबात ऐकू नका. केस झाली तर ती तुमच्या नावावर होते.

आता फी. ती कायद्याच्या कलम ७ मध्येच लिहिलेली आहे. एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये. एकापेक्षा जास्त आणि पाचपर्यंत जिल्ह्यांसाठी १०,०००. पूर्ण राज्यासाठी २५,०००. लायसन्स चालतं पाच वर्षं. एजंट लाखाचं पॅकेज सांगतो, तेव्हा त्यातली सरकारी फी किती आणि त्याची स्वतःची किती, हे वहीवर दोन रकान्यांत लिहून मागा. लिहून देत नसेल तर उठून या. सगळे एजंट वाईट असतात असं मी म्हणणार नाही. पण अर्जात काय भरलंय हे तुम्हाला वाचून न दाखवता सही घेणारा एजंट कितीही स्वस्त असला तरी महागच पडतो.

मी ५,००० वाला अर्ज केला. तेव्हा माझ्या हातात दोनच पॉईंट ठरलेले होते, दोन्ही वाळूजचे. एजंट म्हणाला, "एकच जिल्हा टाका, तेवढ्यावर भागतं." मलाही पटलं, कारण माझ्या डोक्यात गाडीचं लायसन्स होतं. ते संभाजीनगरच्या आरटीओतून काढलं तरी नागपूरला चालतं, मग हेही तसंच असणार. अर्ज करण्याआधी कोणाला विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही.

लायसन्स आलं, कामही सुरू झालं. सहा महिन्यांनी जालन्याहून फोन आला. सळई बनवणारी एक रोलिंग मिल, दोन शिफ्ट, चौदा गार्ड. माझ्यासाठी ते केवढं मोठं काम होतं हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. रेट ठरला. बायकोचं गंठण गहाण ठेवून चौदा जणांचे युनिफॉर्म शिवले, बूट आणले. घनसावंगी आणि अंबडकडची पोरं गोळा केली. त्यातल्या दोघांनी तर माझ्या शब्दावर हातातली कामं सोडली होती.

वर्क ऑर्डर घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या एचआर मॅनेजरने लायसन्सची झेरॉक्स टेबलावर पसरली. पेन्सिल एकेका ओळीवरून खाली आणली. एजन्सीचं नाव, पत्ता, मुदत. मग पेन्सिल थांबली. "इथं जिल्हा औरंगाबाद लिहिलंय. जालना कुठंय?" मी म्हणालो, साहेब, साठ किलोमीटरवर तर आहे. ते रागावले नाहीत. झेरॉक्सची घडी घालून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "लायसन्स घेऊन या, मग बोलू." ती ऑर्डर आठवड्याभरात दुसऱ्या एजन्सीला गेली.

नवीन माणसाचा पाय घसरतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लायसन्सवर जे जिल्हे लिहिलेत तेवढ्यांतच तुम्हाला काम करता येतं. आता मराठवाडा डोळ्यासमोर आणा: संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव. आठ जिल्हे. आणि १०,००० ची पायरी पाचपर्यंतच आहे. म्हणजे "मराठवाड्याचं लायसन्स" अशी काही वस्तूच नाही. पाच घेतले तर तीन बाहेर राहतात. सहावा हवा असेल तर मधली पायरी नाही, थेट पूर्ण राज्य. अर्ज भरताना पाचवर थांबलेला माणूस पुढे लातूरच्या गोदामाचं किंवा हिंगोलीच्या जिनिंगचं काम आलं की माझ्यासारखाच टेबलासमोर गप्प बसतो.

आणि आपलं काम जिल्ह्याची हद्द बघून येत नाही. वैजापूरच्या पॉईंटवर चांगलं काम केलं तर पुढची चौकशी कोपरगावहून येते, तो अहिल्यानगर जिल्हा. शेंद्र्याचा क्लायंट जालन्यात गोदाम घेतो. वाळूजच्या कंपनीचं दुसरं युनिट चाकणला असतं आणि त्यांना दोन्हीकडे एकच एजन्सी हवी असते. म्हणून अर्ज करण्याआधी क्लायंटला एवढंच विचारा: तुमचं आणखी कुठे काय आहे? मी हे विचारलं नव्हतं.

हिशोबही करून बघा. २५,००० भागिले साठ महिने, महिन्याला साधारण ४१७ रुपये. एका जिल्ह्याचं लायसन्स महिन्याला ८३ रुपये. फरक ३३३ रुपयांचा. एका गार्डच्या एका ड्युटीच्या पगारापेक्षाही कमी. एवढ्यासाठी मी चौदा गार्डचं काम घालवलं.

पण घाबरून लगेच पंचवीस हजारांचं कर्जही काढू नका. तुमचं काम खरंच लातूर शहरातल्या दोन हॉस्पिटलपुरतं असेल आणि पुढची दोन-तीन वर्षं तेवढंच करायचं असेल, तर ५,००० पुरे आहेत, त्यात कमीपणा काही नाही. बघायचं एवढंच, की ही निवड तुम्ही विचार करून केलीय की नाही. माझी एजंटने केली होती.

त्या आठवड्यात एजंटने एक तोडगाही काढला होता. दुसऱ्या एका लायसन्सवाल्याच्या नावावर गार्ड लावायचे, त्याला कमिशन द्यायचं. सर्रास चालतं म्हणाला. माझा हात तंगीत होता, मी जवळजवळ हो म्हणालोच होतो. आमच्या कॉलनीत एक निवृत्त सुभेदार राहतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं: "रोलिंग मिल आहे. एखाद्या पोराला काही झालं तर त्याची आई कोणाच्या दारात जाईल?" पीएफ एकाच्या नावावर, ईएसआय भलत्याच्या, पगार माझ्या हातून. मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी घनसावंगीला जाऊन पोरांना समोरासमोर सांगितलं की काम गेलं. एकानेही शिवी दिली नाही, त्याचंच जास्त लागलं.

गुरू करायचा तर असा करा. मोठ्या एजन्सीचा मालक तुम्हाला रेट शिकवेल, ओळखी सांगेल. नको म्हणायला शिकवणारा माणूस वेगळा असतो.

दुसऱ्यांदा अर्ज केला तो पूर्ण राज्याचा, स्वतः बसून. २०१९ पासून गृह मंत्रालयाचं पोर्टल आहे, वाटतं तितकं अवघड नाही. कायद्याप्रमाणे निर्णय साठ दिवसांत व्हायला हवा, पण हे दिवस मोजले जातात ते माहिती आणि फी पूर्ण असलेला अर्ज पोचल्यापासून. पोलीस पडताळणीसाठी बोलावलं की त्याच दिवशी जा. शपथपत्रात चार गोष्टी लागतात: कलम ६ मधली अपात्रता तुम्हाला लागू होत नाही, गार्डच्या प्रशिक्षणाची सोय आहे, लायसन्सच्या अटी पाळाल, आणि तुमच्यावर पोलिसांत किंवा कोर्टात केस असेल तर तिची माहिती. जुनी भांडणाची केस असेल तर लपवू नका. लपवलेलं पडताळणीत निघतं आणि मग लहान केसही मोठी होते.

प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट विकत मिळतं, हे तुमच्या कानावर येईलच. केंद्राच्या नमुना नियमांत नव्या गार्डसाठी १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, किमान वीस कामाचे दिवस सांगितलेत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी ते कमी आहे. मी फील्ड ऑफिसर असताना एका पॉईंटवर विजेच्या पॅनलला आग लागली. सर्टिफिकेटवाला गार्ड आग विझवायचा सिलिंडर घेऊन दाबतोय, दाबतोय, आणि पिन तशीच जागेवर. पिन काढायची असते हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. वीस दिवस द्या पोरांना.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आहे. १९८१ चा सुरक्षा रक्षक कायदा, म्हणजे मंडळाचा कायदा. मंडळ म्हणजे गार्डची नोंदणी करून त्यांना कामावर पाठवणारं सुरक्षा रक्षक मंडळ. पसारा मिळालं म्हणून तो सुटत नाही. मंडळाबाहेरचे गार्ड लावायचे तर त्या कायद्याच्या कलम २३ ची सूट बघावी लागते, आणि ती देताना तुमच्या गार्डना मिळणारे फायदे एकूणात मंडळापेक्षा कमी नाहीत ना, हे पाहिलं जातं. म्हणून रेट ठरवतानाच पीएफ, ईएसआय, बोनस, सुट्ट्या धरा. यात हात आखडून रेट पाडणारा दुसऱ्या वर्षी अडकतो. जीएसटीचंही सीएला आधी विचारा. एजन्सी तुमच्या एकट्याच्या नावावर असेल आणि क्लायंट जीएसटीत नोंदणीकृत असेल, तर १ जानेवारी २०१९ पासून सिक्युरिटीच्या बिलावरचा कर क्लायंटने भरायचा असतो. बिल त्याप्रमाणेच काढा.

लायसन्स हातात आलं की त्याच टेबलावर, चहा यायच्या आत, जिल्ह्याची ओळ वाचा. सहा महिन्यांच्या आत काम सुरू करावं लागतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी जायला हवा. मी ९० दिवस आधीची तारीख कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवलीय. त्या चौदा पोरांपैकी पाच जण आज माझ्याकडे आहेत. एक जण जालन्यातच सुपरवायझर आहे, त्या मिलच्या पलीकडच्या गेटवर.