शेतकऱ्याचं व्यक्तिचित्र रंगवायचं तर

आधी एक माणूस निवडा. ‘शेतकरी’ काढू नका. देवगडजवळच्या शाळेत मी ३० वर्षं चित्रकला शिकवली. मुलांच्या वहीतला शेतकरी कायम फेटा बांधलेला, खांद्यावर नांगर घेतलेला. आपल्या गावात फेटा बांधून नांगराला जाणारा मी पाहिलेला नाही. डोक्याला टॉवेल किंवा पावसात इरलं, एवढंच.

रशियन चित्रकार इवान क्राम्स्कोय याने १८८२ साली एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं चित्र रंगवलं आणि त्याला त्याचंच नाव दिलं: मिना मोइसेयेव. निळा सदरा, हातांची घडी, बारीक केलेले मिश्कील डोळे. शेतकऱ्याला जमीनदाराच्या जमिनीशी बांधून ठेवणारी रशियातली भूदासपद्धत जाऊन तेव्हा जेमतेम २१ वर्षं झाली होती. पुढच्या वर्षी त्याच माणसावरून त्याने मोठं चित्र केलं. त्यात काठी आहे आणि हातावर लगाम अडकवलेला आहे. घोडा कुठेच नाही, तरी तो जवळपास असणार असं वाटत राहतं. माझी सगळी रीत या लगामावरून आली.

लावणी उरकली की माणसाला सवड असते, तेव्हा जा. पडवीत बसवा. ढगाळ दिवसाचा उजेड एका बाजूने मऊ येतो आणि ओल्या खळ्यावरून परतून हनुवटीखाली हिरवट छटा देतो. ती छटा सोडू नका, पावसाळा तिच्यातच आहे.

आमच्या शेजारचे आबा म्हणाले, “माका असां बसान ऱ्हवाक जमणां नाय.” मग मी त्यांना रोजचंच काम करू दिलं, सुंभ वळायचं. हात थांबले की मी हात रंगवायचो, चालू झाले की चेहरा. हात आधी नीट पाहा. पेरं सुजलेली, नखांच्या कडेला चिखलाचा डाग, अंगठा बाहेरच्या बाजूला वाकलेला. चेहऱ्यापेक्षा मी हातांना जास्त दिवस देतो.

सावळ्या कातडीच्या सावलीत काळा रंग घालू नका, चेहरा मातकट होतो. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात अल्ट्रामरीन निळा मिसळा. कपाळावरच्या उजेडात मात्र पांढऱ्यासोबत किंचित निळा हवा, कारण तिथे आभाळ पडलेलं असतं. मागे झाडं, बैल, डोंगर काही नको. क्राम्स्कोयनेही पार्श्वभूमी मोकळीच ठेवली.

पावसात तैलरंग लवकर वाळत नाहीत. पहिला थर टर्पेंटाइन घालून पातळ द्या. कॅनव्हास चिऱ्याच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून बुरशी धरते. मागच्या बाजूला माणसाचं नाव लिहा.

चित्र झाल्यावर त्यालाच आधी दाखवा. आबांनी चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुंभावर बोट ठेवून म्हणाले, “मास्तरानू, पीळ उलटो काढलात.” खरंच उलटा होता. तेवढा भाग मी खरवडला, त्यांच्याकडून सुंभाचा तुकडा मागून घेतला आणि तो समोर ठेवून पुन्हा रंगवला.