मुलं जपानी शाळेत असतील तर विद्यापीठाचा विचार आठवीतच सुरू करा

टोकियोतल्या निशी-कासाई भागात नव्याने आलेल्या आईबापांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मुलगी आत्ता कुठे आठवीत आहे, कॉलेजला अजून अवकाश आहे." अवकाश नाहीये हो. आपल्याकडे बारावीचा निकाल लागतो, सीईटीचा स्कोअर येतो, मग पसंतीक्रम भरून कॅपच्या फेऱ्यांची वाट बघायची. मार्क हातात घेऊन निवड. इथे निवड आधी, मार्क नंतर. हा क्रम आईबापांच्या डोक्यात पक्का बसला की निम्मं काम झालं.

सक्तीचं शिक्षण नववीला, म्हणजे चूगाक्कोच्या (सातवी ते नववीच्या शाळेच्या) तिसऱ्या वर्षाला संपतं. पुढे हायस्कूल सरकारी असलं तरी प्रवेशपरीक्षा चुकत नाही. तीत पेपरच्या गुणांबरोबर नाइशिनही धरतात, म्हणजे चूगाक्कोने प्रत्येक विषयाला दिलेली श्रेणी. या विषयांत चित्रकला, संगीत, पीटी सगळं आलं. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारं आपलं मूल वह्या वेळेवर देत नाही म्हणून मागे पडतं, आणि आपण "चित्रकलेला कोण विचारतो" म्हणत बसतो. इथे विचारतात.

टोकियोच्या काही सरकारी हायस्कूलांत, जपानमध्ये येऊन तीन वर्षं झाली नाहीत अशा परदेशी मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. तिथे निबंध आणि मुलाखत असते, आणि त्या इंग्रजीतही देता येतात. मुदत उलटली की बाकीच्यांच्या रांगेत. दुसऱ्या प्रीफेक्चरांचे, म्हणजे प्रांतांचे, नियम निराळे, म्हणून आल्या आल्या वॉर्डाच्या किंवा शहराच्या शिक्षण मंडळात जाऊन विचारून घ्या. सरकारी हायस्कूलची भीती मात्र बाळगू नका. टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली निवडून आलेले आपले योगेंद्र पुराणिक २०२३ मध्ये इबाराकीतल्या त्सुचिउरा दाइइची या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले.

हायस्कूलच्या पहिल्या वर्षी, म्हणजे आपल्या दहावीत, बुन्केई की रिकेई हे ठरवावं लागतं. कला-वाणिज्य एकीकडे, विज्ञान दुसरीकडे. नंतर बदलता येतं असं सगळे सांगतात, प्रत्यक्षात फार थोडे बदलतात. याच सुमारास सान्शा मेंदानचं बोलावणं येतं: वर्गशिक्षक, मूल आणि पालक एका टेबलाशी. ऑफिसातून सुट्टी काढा आणि जा. भाषेची अडचण असेल तर शाळेला आधी कळवा, पण मुलालाच दुभाषी करू नका. स्वतःच्या कमी मार्कांचं भाषांतर कुठलं मूल धड करेल?

शिक्षक तुमच्यासमोर हेन्साचीचा आकडा ठेवतील, म्हणजे परीक्षेला बसलेल्या बाकीच्यांच्या तुलनेत मूल कुठे आहे ते. सरासरी म्हणजे ५०. ६० आला तर मूल साधारण वरच्या १६ टक्क्यांत आहे. पण कोणाच्या वरच्या १६ टक्क्यांत? सराव परीक्षा, म्हणजे मोशी, कावाइजुकू या क्लासची वेगळी, सुंदाइ या क्लासची वेगळी, आणि प्रत्येकीला बसणारी गर्दीही वेगळी. म्हणून एका मोशीतला ६० दुसरीतल्या ६० शी ताडून बघण्यात अर्थ नाही. एकाच मोशीतली चढउतार तेवढी बघा. शेजारच्या पिंटूचा आकडा तर विसरूनच जा.

प्रवेशाचे रस्ते तीन. शाळेच्या शिफारशीचा, सोगो-गाता, आणि सर्वसाधारण परीक्षेचा. शिफारशीत शितेइको नावाचा प्रकार आहे: खासगी विद्यापीठ ठराविक हायस्कूलांना ठराविक जागा देतं, आणि शाळा आपल्यातून मुलं निवडते. निवड झाली की प्रवेश जवळपास नक्की, पण मग दुसरीकडे जायचं नाही, हा शब्द द्यावा लागतो. इथे हायस्कूलच्या पहिल्या वर्षापासूनच्या श्रेणींची सरासरी मोजतात. पहिलं वर्ष "रुळायला" घालवलेली मुलं तिथे मागे पडतात. सोगो-गातात निबंध, मुलाखत, केलेलं काम बघतात; अर्ज सप्टेंबरपासून, निकाल नोव्हेंबरपासून. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांनी हा रस्ता दुय्यम समजू नये. माझं मत विचाराल तर बऱ्याच जणांसाठी हाच पहिला बघावा.

परीक्षेचा रस्ता धरलात तर जानेवारीच्या मध्यावर, शनिवार-रविवारी, क्योत्सू तेस्तो, म्हणजे देशभराची सामाईक परीक्षा. २०२१ पासून ही जुन्या सेंटर परीक्षेच्या जागी आली. राष्ट्रीय विद्यापीठांसाठी सहसा सगळे विषय द्यावे लागतात. २०२५ पासून त्यात माहिती-तंत्रज्ञानही आलं आणि एकूण १००० गुण झाले. आपल्या मुलांचा गळा आवळते ती कोकुगो, म्हणजे जपानी भाषेचा विषय. २०० पैकी ९० गुण जुन्या जपानी आणि जुन्या चिनी गद्यपद्याचे. सहावी-सातवीत आलेल्या मुलाला हे शिकवायला घरात कोणी नसतं. पण खासगी विद्यापीठांच्या विज्ञानशाखांत बहुतेक ठिकाणी इंग्रजी, गणित, विज्ञान एवढंच विचारतात, कोकुगो नाही. कुठे काय विचारतात याची यादी हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षातच करून ठेवा.

क्योत्सू तेस्तोनंतरचे दोन आठवडे सगळ्यात वाईट. अधिकृत गुण हातात नसतात. मुलांनी प्रश्नपत्रिकेवर आपली उत्तरं टिपून आणलेली असतात. छापून आलेल्या उत्तरांशी ती ताडून स्वतःच गुण लावायचे, आणि त्या अंदाजावर राष्ट्रीय विद्यापीठाचा अर्ज भरायचा. २५ फेब्रुवारीला सुरू होणाऱ्या पहिल्या फेरीला अर्ज एकाच विद्यापीठाला करता येतो, तोही शाखा ठरवून. दुसरी फेरी १२ मार्चपासून असते, पण तिथे जागा फार कमी. या दिवसांत घरात कोणी "आमच्या वेळी" सुरू करू नये.

आता पैसे, कारण हे कोणी आधी सांगत नाही. राष्ट्रीय विद्यापीठाची ठरलेली फी वर्षाला ५,३५,८०० येन आणि प्रवेशशुल्क २,८२,००० येन. टोकियो विद्यापीठाने २०२५ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी वार्षिक फी ६,४२,९६० केली. खासगीत अर्जाचेच साधारण ३५,००० येन पडतात. पाच ठिकाणी भरले की पावणेदोन लाख गेले. खासगींच्या परीक्षा फेब्रुवारीत होतात, निकाल लगेच लागतात, आणि जागा राखायला प्रवेशशुल्क बहुधा राष्ट्रीय विद्यापीठाचा निकाल लागायच्या आत मागतात. दोनतीन लाख येन भरायचे, आणि मार्चमध्ये राष्ट्रीय विद्यापीठ मिळालं तर ते बुडाले. आगाऊ भरलेली विद्यापीठाची वार्षिक फी ३१ मार्चपर्यंत नकार कळवला तर सहसा परत मिळते, प्रवेशशुल्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून हाताशी ठेवायची खासगी जागा निवडताना तिची मुदत बघा. उशिरा मुदत देणारीही असतात, आणि काही ठिकाणी पैसे दोन हप्त्यांत भरता येतात.

भारतीय शाळेत सीबीएसई करणाऱ्या मुलांचं पंचांग वेगळं. बोर्डाचा निकाल मे महिन्यात, तर जपानी वर्ष एप्रिलला सुरू. त्यांच्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होणारे इंग्रजी अभ्यासक्रम सोयीचे: वासेदा, सोफिया, नागोया, बेप्पूचं एपीयू (रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक) ही विद्यापीठं. परदेशी विद्यार्थ्यांची वेगळी परीक्षा जून आणि नोव्हेंबरमध्ये असते खरी, पण जपानी हायस्कूल केलेल्या मुलांना परदेशी विद्यार्थ्यांच्या कोट्यात अनेक विद्यापीठं घेत नाहीत. पासपोर्ट भारतीय आहे म्हणून गृहीत धरू नका, प्रत्येक विद्यापीठाची प्रवेशपुस्तिका उघडून बघा.

व्हिसाचंही तसंच. कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या मुलांना सरकारी शिष्यवृत्ती पूर्वी मिळतच नसे. २०२४ पासून, प्राथमिक ते हायस्कूल सगळं जपानमध्ये केलेल्यांना आणि इथेच राहू इच्छिणाऱ्यांना ती खुली झाली. मूल आठवीत असताना आलं असेल तर यात बसत नाही. मग कायम वास्तव्याचा अर्ज कधी करता येईल याचा हिशेब त्याच्या हायस्कूलच्या वर्षांशी जुळवून ठेवा.

आणि विद्यापीठ दुसऱ्या गावी असेल तर खोली निकालाआधीच बघा. निकालापूर्वी राखून ठेवायची, नापास झालं तर रद्द करायची सोय बऱ्याच ठिकाणी असते. विद्यापीठाच्या को-ऑपकडे, म्हणजे तिथल्या सहकारी संस्थेकडे, जानेवारीतच चौकशी करा. १० मार्चनंतर स्टेशनजवळचं काही उरत नाही.