बडोद्याच्या दफ्तरात पूर्वज शोधताना या चुका टाळा

“आमचे मूळ पुरुष गायकवाडांबरोबर इकडे आले,” एवढ्या भांडवलावर बडोद्यातल्या दांडिया बाजारातली बरीच मंडळी अभिलेखागाराची पायरी चढतात, आडनाव सांगतात आणि हात हलवत परत येतात.

आडनावाने शोधणं हीच पहिली चूक. जुन्या कागदात बऱ्याचदा नाव, वडिलांचं नाव आणि हुद्दा एवढंच असतं. रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) बांधलेत ते खात्यांचे, घराण्यांचे नव्हेत. म्हणून पणजोबा कोणत्या खात्यात होते आणि कुठे, हे आधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून काढून घ्या. ‘बडोदे सरकारची नोकरी’ म्हणजे बडोदे शहर असंही नाही. अमरेली, नवसारी, कडी, ओखामंडळ हे सगळं त्याच राज्यात होतं.

वंशाचा धागा मध्येच तुटला तर दत्तकाची शंका आधी घ्या. खुद्द सयाजीराव महाराज (तिसरे) कवळाण्याचे गोपाळराव. 1875 मध्ये ते दत्तक आले आणि नाव बदललं. बायकांचा माग याहून अवघड, कारण लग्नात नावही बदलतं. महाराजांच्या दोन्ही राण्या चिमणाबाईच! पहिल्या तंजावरच्या लक्ष्मीबाई, दुसऱ्या देवासच्या गजराबाई. राजघराण्यात ही गत, मग तुमच्या घरातल्या दोन ‘रमाबाई’ एकच समजण्याची घाई कशाला?

सालाचा घोळ तर ठरलेला. गुजरातचा संवत कार्तिकात बदलतो, ग्वाल्हेर-इंदूरकडचा चैत्रात. ‘चैत्र, संवत 1963’ हे बडोद्याच्या व्यापाऱ्याच्या वहीत 1907 साल, ग्वाल्हेरच्या कागदात मात्र 1906. पेशवाईतल्या मोडी पत्रात अरबी (सुहूर) सन दिसला तर 599 किंवा 600 मिळवा; तो मृगाला (जूनच्या सुरुवातीला) बदलतो, म्हणून तेव्हापासून डिसेंबरअखेर 599, पुढे 600. हिजरी समजून हिशेब केलात तर पानिपताचा 1161 सन 1748 मध्ये जाऊन बसतो! मूळ तिथी आहे तशी उतरवून ठेवा, इंग्रजी तारीख शेजारी लिहा.

जनगणनेच्या अहवालात आजोबांचं नाव शोधू नका. तिथे आकडे आहेत, माणसं नाहीत. शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख पुष्कळदा मास्तरांनी अंदाजाने टाकलेली. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. त्यात ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्दही सुटे लिहीत नाहीत, त्यामुळे नवख्याला हवं तेच दिसू लागतं.

सगळ्यात घबाड मिळतं ते इनाम आणि वारसाच्या प्रकरणांत, कारण हक्क सांगायला वंशावळ जोडावी लागे. पण ती वाचताना लिहिणाऱ्याचा मतलब ध्यानात ठेवा. ज्याला वाटा मिळायचा नव्हता त्याला तिथे जागा नसते: मुली, निपुत्रिक काका, कधी वेगळा निघालेला सख्खा भाऊसुद्धा. वंशावळीत नाव नाही एवढ्यावरून माणूस नव्हताच असं धरू नका. त्याच प्रकरणातले विरुद्ध पक्षाचे अर्ज आणि जबान्या काढून पाहा.