जनावरांचा डॉक्टर, पण ऑनलाइन शिकवणारा

पशुवैद्यकीची पदवी हाती आली की आमच्याकडे पोरांना दोनच वाटा दिसतात. एमपीएससी देऊन पशुधन विकास अधिकारी व्हा, नाहीतर औषध कंपनीची बॅग उचला. मी आर्वी तालुक्यात राहतो, सकाळी जनावरं तपासतो आणि दुपारनंतर विद्यार्थ्यांसाठी, नव्या डॉक्टरांसाठी ऑनलाइन धडे तयार करतो. ज्युनिअर याबद्दल सारखे विचारतात.

ही पदवी घरबसल्या मिळत नाही आणि मिळूही नये. साडेपाच वर्षांत एक वर्ष इंटर्नशिपचं, ते जनावराजवळच काढावं लागतं. गुदमार्गातून हात घालून गाभण तपासणं व्हिडिओ बघून येत नाही. ऑनलाइन धडा उपयोगी पडतो तो हात घालण्याआधी: काय विचारायचं, काय बघायचं, आधी काय ठरवायचं.

माझा पोटफुगीचा धडा घ्या. फोन येतो, "डॉक्टरसाहेब, बैल फुगला जी, लवकर या!" इथे मी धडा थांबवतो. आता प्रश्न विद्यार्थ्याने विचारायचे. काल काय खाल्लं? डाव्या कुशीला किती फुगलाय? श्वास कसा आहे? नळी घातल्यावर वायू सुटला की नुसता फेस आला? फेस असेल तर ट्रोकार, म्हणजे कुशीतून पोटात भोक पाडून वायू सोडायचं टोकदार हत्यार, खुपसूनही फारसं भागत नाही, फेस मोडणारं औषध किंवा तेल द्यावं लागतं, तेही नळीने. घाईने तोंडातून पाजलेलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. बहुतेक पोरं पहिल्याच प्रश्नाला ट्रोकार निवडतात. त्या वयात ट्रोकारचं आकर्षण असतंच!

दुधाळ गाईच्या कॅल्शियम-कमतरतेचा धडा मी मुद्दाम आवाजाचा ठेवलाय. व्यायल्यानंतर बसलेली, मान कुशीकडे वळवलेली गाय, कान गार. शिरेतून कॅल्शियम सावकाश सोडताना हृदयाचे ठोके ऐकत राहायचं आणि ताल बिघडला की सलाईन थांबवायचं. कधी थांबवायचं, हे इअरफोन लावून ओळखता आलं पाहिजे. शिवाय आवाजाची फाइल हलकी असते, खेड्यातल्या रेंजमध्येही उतरते. मोठ्या व्हिडिओंचा सोस आधी सोडा.

प्रत्येक धड्यावर तारीख टाका. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर 2006 मध्ये बंदी आली, कारण ते दिलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक या तशाच वेदनाशामकांवर बंदी आली 2023 मध्ये. जुना धडा तसाच फिरत राहिला तर विद्यार्थी बंदी असलेलं औषध लिहायला शिकतो. मला या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत गरजेचा भाग हाच वाटतो.

कॅमेरा काढण्याआधी मालकाला विचारा आणि कानातल्या पिवळ्या टॅगवरचे जनावराच्या ओळखीचे 12 आकडे झाका. 2022 मध्ये लम्पी या गुरांच्या त्वचारोगाच्या साथीत जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा आपल्या गोठ्याचा फोटो फिरू नये असं लोकांना का वाटतं ते कळलं.

पैशाचं म्हणाल, तर तो धड्यामागे मिळतो, दर महिन्याला सारखा नाही. प्रॅक्टिस सोडू नका. नवी केस ज्याच्याकडे येत नाही, तो दोन वर्षांत पुस्तकच वाचून दाखवू लागतो. सुरुवातीला एकच रोग घ्या, आपल्या भागात रोज दिसणारा, आणि धडा आधी इंटर्न पोरांना दाखवून बघा. ती कुठे अडतात ते लिहून ठेवा.